खड्ड्याकडे बोट

रविवारी पहाटे पाचला विश्रामबाग चौकात
सतरा हेल्मेटं, सतरा लाल दिवे
आणि मगदूम सरांची शिट्टी.
शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही
असं त्यांची बायकोच सांगते.

मी बारावी.
माझ्यापुढे भरतेश उपाध्येची पाठ,
जर्सीवर त्याच्याच हळदीच्या पेढीचं नाव.
त्या पाठीच्या आडोशाला
वारा जवळजवळ नसतोच.

दंडोबाकडे जाताना सगळे बोलतात.
गुडघे, गियर, द्राक्षाचा दर.
निलोफर सतारमेकर सांगते
तिचे सासरे भोपळा कसा वाळवतात,
किती महिने त्याला नुसतं राहू देतात.
भोसे फाट्यावर चहा, भडंग,
मग परतीला पश्चिमेचा वारा तोंडावर येतो
आणि रांग गप्प होते,
सुतळीत ओवल्यासारखी बारीक.
पुढचा दोन मिनिटं वारा फोडतो,
बाजूला होतो, शेवटाला जाऊन लागतो.
मग त्याच्या मागचा.
माझी पाळी आली की
सोळा जणांच्या वाटचा वारा माझ्या छातीवर.
कुणी माझ्याकडे बघत नसतं,
सगळे माझ्या मागच्या चाकाकडे बघतात.
मिरजेच्या लॅबमध्ये अकरा वर्षं लोकांचं रक्त काढते,
इतका भरवसा कुणी टाकलेला आठवत नाही.

आणि खड्डा आला
की पहिला हात कमरेखाली जातो, बोट जमिनीकडे,
मग दुसरा, मग तिसरा,
एवढ्याशा खड्ड्याला सतरा बोटं,
गल्लीत एखाद्याचं नाव निघावं तसं.

हे सगळं खरं.
तरी एप्रिलात मी तीन रविवार गेले नाही.
ग्रुपवर टाकलं, ड्युटी आहे.
ड्युटी नव्हती.
भरतेश चहाचा कप धरून हसत म्हणाला होता,
ताई, तुमच्यामुळं ॲव्हरेज बसलं आज,
सव्वीसचं चोवीस.
मीही हसले.
ते हसू मिरजेपर्यंत
मानेत अवघडून राहिलं.

एकटी मी हरिपूरला जाते.
चिंचांच्या खालून,
कुणाच्याही पाठीशिवाय.
साखळीला तेल कमी आहे हे ऐकू येतं,
सतरा जणांत कधी आलं नव्हतं.
वाटेल तिथं थांबते.
कोवळा पाला तोडून चावते, दात आंबतात.
संगमावर वारणा कृष्णेत शिरते तिथं
दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का
ते बघत बसते.
कधी दिसतो, कधी मला दिसावासा वाटतो.
इथं जमिनीखाली हळदीची पेवं होती,
पुराच्या पाण्यानं गेली, म्हणतात.
ॲव्हरेज किती, मला माहीत नाही.

फक्त एक गोष्ट.
म्हैस धुणारा म्हातारा विचारतो,
एकटीच व्हय?
टपरीवरची बाई विचारते, एकट्याच?
गाडी कापत जाणारी दोन पोरं
विचारत नाहीत, नुसती वळून बघतात, पुन्हा बघतात.
सतरा जणांत असताना
मला कुणी काही विचारलं नव्हतं.
आणि मी, मान वर न करता,
मागनं येतायत सगळे, म्हणते.

तिसऱ्या रविवारी परतताना
वळणावर तो खड्डा आला, मोरीच्या अलीकडचा,
आणि माझा डावा हात आपोआप खाली गेला.
बोट जमिनीकडे.
चाक चुकवून पुढे आल्यावर मला कळलं.

मी मागे बघितलं.
रस्ता, चिंचा, त्यांच्या सावल्या
आणि बराच लांब एक दूधवाला,
मोटारसायकलला चार कॅन लटकावलेला.
त्यानं खड्डा चुकवला.

चुकवणारच.
रोजचा रस्ता त्याचा.

तरी तो पुढे निघून जाईपर्यंत
मी हात खालीच ठेवला.